आईचं नेब्युलायझर: एक डोस संपायला पंचवीस मिनिटं लागतात. मशीन बिघडलंय का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण फोनवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्याने सांगून मीच गोंधळलोय.

आई ६८ वर्षांची. गाव कराडजवळ. घरी धाकटा भाऊ आणि त्याची बायको असतात, मी नोकरीमुळे पिंपरीत. दिवाळीनंतर थंडी पडली, तिकडे उसाचे फड पेटायला लागले, आणि आईला मोरीपर्यंत चालत गेलं तरी दम लागू लागला. आठ दिवस ॲडमिट होती. सीओपीडी निघालं, म्हणजे फुफ्फुसातल्या नळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, ‘विडी, तंबाखू?’ आणि आई दर वेळी इतकी चिडायची की शेवटी तिथल्या सिस्टरनी फाईलवरच मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहून ठेवलं. तिने आयुष्यात साधी मिश्रीही लावलेली नाही. चूल मात्र चाळीस वर्षं फुंकली. गॅस २०१७ साली आला, पण भाकरी अजून चुलीवरच होते आणि आंघोळीचं पाणी बंबात तापतं.

घरी सोडताना नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून छातीत सोडणारं मशीन, घ्यायला सांगितलं. डुओलिन तीन वेळा, बुडेकॉर्ट सकाळ-संध्याकाळ. मेडिकलवाल्याने कॉम्प्रेसरचं मशीन दिलं, मास्क जोडून दाखवला, ‘झालं’ म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले. आमच्या अडचणी अशा:

एक डोस संपायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दवाखान्यात दहा मिनिटांत संपायचा. आई कंटाळते आणि अर्ध्यावर मास्क काढते.

आईचं म्हणणं, मशीनच फसवं आहे, कारण ‘वाफ गार येते’. गार वाफ कसली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

घेतल्यावर हात थरथरतात. परवा कपबशी सुटता सुटता राहिली.

शेजारच्या काकू म्हणतात, याची सवय लागते, मग मशीनशिवाय श्वासच घेता येत नाही.

लाइट जाते तेव्हा काय करायचं? इन्व्हर्टर आहे, पण त्याची लाइन स्वयंपाकघरातल्या एकाच सॉकेटला दिलेली आहे, म्हणून मशीन तिथेच फळीवर ठेवलंय आणि खाली आईची कॉट टाकलीय. पण इन्व्हर्टरची बॅटरीही आता जुनी झाली.

आणि दोन्ही औषधं एकदम मशीनच्या औषधाच्या कपात ओतली तर चालतात का? धाकट्याची बायको शिकलेली आहे, सगळं मनापासून करते, पण तिलाही कुणी नीट सांगितलेलं नाही. डॉक्टरांची पुढची तारीख अजून बारा दिवसांवर आहे.

मळेवाला

आमच्या वडिलांना पण हेच मशीन होतं. नुसत्या औषधाने काही होत नाही भाऊ. कपात दोन थेंब निलगिरीचं तेल टाका, छाती लगेच मोकळी होते. किंवा सर्दीच्या वाफेची कॅप्सूल मिळते ती फोडून टाका. स्वतः अनुभव घेतलाय.

ठाणे_स्लो

मला लहानपणापासून दमा, त्यामुळे या मशीनबरोबरच वाढलो म्हणा. पंचवीस मिनिटं नक्कीच जास्त आहेत. कपाच्या आत एक छोटी प्लास्टिकची टोपी असते, शंकूसारखी. ती धुताना हरवली असेल तर औषध नुसतं बुडबुडतं, धुकं होत नाही. आमच्या घरी ती एकदा बेसिनमधून वाहून गेली होती आणि आम्ही दोन दिवस मशीनला शिव्या घालत होतो. आधी ती आहे का बघा.

माझ्याकडे आता हातात मावणारं जाळीचं मशीन आहे, बॅटरीवर चालतं, आवाज नाही, लोकलमध्येही घेतलंय एकदा. पण त्याची जाळी फार नाजूक, रोज नीट साफ केली नाही तर तुंबते. घरी वयस्कर माणसासाठी कॉम्प्रेसरवालंच दणकट.

रात्रपाळी

कृष्णाकाठ, मी अठ्ठावीस वर्षं सिस्टर होते, त्यातली एकोणीस छातीच्या वॉर्डात. आता निवृत्त. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमी करा, वाढवा, हे माझ्याकडून ऐकू नका. पण कप, नळी, मास्क हा आमच्याच हातातला कारभार. सकाळी सहाला आमच्या वॉर्डात एकदम आठ-दहा मशिनं सुरू व्हायची, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्या आवाजात जे शिकले ते सांगते.

आधी मळेवाल्यांना. दादा, राग मानू नका, पण तो सल्ला मागे घ्या. पातेल्यातल्या गरम पाण्यात निलगिरी टाकून नाकाने वास घेणं वेगळं. नेब्युलायझर कपातला थेंब फोडून थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचवतो. तिथे तेल गेलं की ते बाहेर टाकायची सोय फुफ्फुसाकडे नाही. त्याने न्यूमोनियासारखं दुखणं होतं आणि ते आठवड्याभरात बरं होणारं नसतं. कपात फक्त औषधाची कुपी, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नॉर्मल सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी. नळाचं पाणी नाही, उकळलेलं नाही, फिल्टरचं नाही, डिस्टिल्डही नाही. साध्या पाण्याने दमेकऱ्याच्या नळ्या आणखी आवळतात.

आता आईंची ‘गार वाफ’. या घोटाळ्याला आपली भाषाच कारण आहे. पातेल्यातली वाफ म्हणजेही वाफ, आणि या मशीनलाही आपण ‘वाफेचं मशीन’ म्हणतो. खरं तर यात काहीच तापत नाही. मशीन हवा दाबून कपाच्या तळातल्या सुईएवढ्या छिद्रातून सोडतं, ती हवा औषध वर खेचते, औषध त्या छोट्या टोपीवर आपटून फुटतं. मोठे थेंब परत खाली पडतात, बारीक तुषार तेवढे बाहेर येतात. एक ते पाच मायक्रॉनचे तुषार खोल जातात, त्याहून मोठे घशातच बसतात. आणि गार का? माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. आईंना माठाचं सांगा, पटेल. मी वॉर्डात हेच सांगायचे. गावाकडची माणसं लगेच मान डोलवायची, शहरातली मात्र मशीन बदलून मागायची.

पंचवीस मिनिटांचं. ठाणे_स्लो यांनी टोपीचं सांगितलं ते अगदी बरोबर, ते बघाच. पण माझा पहिला संशय वेगळा आहे. तुम्ही लिहिलंय, खाली आईची कॉट टाकलीय. त्या आडव्या पडून घेतात का? हा कप उभाच राहायला हवा. तिरका झाला की औषध एका कडेला जाऊन बसतं, तळातल्या छिद्राला मिळत नाही, मशीन नुसती हवा मारत बसतं. शिवाय आडवं पडल्यावर पोट वर येतं आणि श्वास आखूड होतो, तो तोटा वेगळाच. खुर्चीत बसवा, नाहीतर भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन हात उशीवर. कप सरळ. शेवटी फडफड आवाज यायला लागला की टिचकी मारा, कडांवरचे थेंब खाली येतात, आणखी मिनिटभर चालतं. नंतर फडफड सुरू झाली की बंद. कपात थोडंसं ओलं राहतंच, ते संपवायचा हट्ट नको. एवढं करूनही पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर नळीची दोन्ही टोकं घट्ट बसलीत का, कपाचं छिद्र तुंबलंय का बघा. तो कप रोज पाच वेळा वापरला तर जन्मभर टिकणारा नसतो. मशीन टिकतं, कप बदलावा लागतो.

मास्कचं जरा लांबवते, कारण यात मी स्वतः मार खाल्लाय.

२०११-१२ असेल. एक आजोबा होते, दर सहा तासांनी नेब. पहाटे चारला मी मास्क लावला, पट्टी सैल होती, नाकाच्या उजव्या बाजूला फट राहिली. शेजारच्या खाटेवरचं सलाईन संपत आलेलं, मी तिकडे वळले. सहाच्या राउंडला ज्युनिअर डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारला तर उजवी बाहुली ही एवढी मोठी, डावी लहान. एका डोळ्याची बाहुली मोठी म्हणजे मेंदूत काहीतरी झालं, हेच आधी मनात येतं. धावपळ. ट्रॉली मागवली, सीटी स्कॅनला नेलं, मुलाला फोन केला, तो रडत आला. आणि आजोबा ट्रॉलीवरून विचारतायत, ‘चहा इथेच आणणार का वर?’ स्कॅन स्वच्छ निघाला. मग आमच्या मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी काही न बोलता तोच मास्क आजोबांना लावला आणि मशीन सुरू केलं. तुषार सरळ उजव्या डोळ्यात. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तुमच्या डुओलिनमध्ये दोन औषधं आहेत, लेव्होसाल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम. ते दुसरं डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते. बहुतेकांची एक-दोन दिवसांत आपोआप उतरते, आजोबांची दुसऱ्या संध्याकाळी उतरली. पण काचबिंदू असलेल्या माणसाच्या डोळ्यातला दाब त्याने झटकन चढू शकतो, आणि मग ते हसण्यावारी नेण्यासारखं राहत नाही. आईंना काचबिंदू आहे का, हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. आणि शक्य असेल तर मास्क ठेवून द्या, खोक्यात तोंडात धरायची नळी असते ती वापरा. दातांत हलकी धरायची, ओठ मिटायचे, तोंडाने श्वास. औषध जास्त आत जातं, डोळे वाचतात, चेहऱ्यावर काही बसत नाही. ज्याला नळी धरवत नाही, झोप येते, भान नसतं, त्याला मास्क. मग तो घट्ट बसवायचा.

बुडेकॉर्ट हे स्टेरॉइड आहे. ते घेतल्यावर चूळ भरायची आणि थुंकायची, गिळायची नाही. मास्कने घेतलं तर तोंडही धुवायचं. नाहीतर जिभेवर, टाळ्याला पांढरे चट्टे येतात, बुरशीचे. कुपी फोडण्याआधी हलक्या हाताने हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. दोन्ही एकत्र करण्याबद्दल: बरेच डॉक्टर एकत्र द्यायला सांगतात, ही औषधं एकमेकांत बिघडत नाहीत. पण तुमच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. तोवर आधी डुओलिन, मग बुडेकॉर्ट. आधीच्याने नळ्या उघडतात, मागच्याला वाट मिळते. अर्ध्यावर लाइट गेली आणि तासभर आलीच नाही तर कपातलं उरलेलं फेकून द्या. ‘महाग आहे, दुपारी वापरू’ नको. उघड्या औषधात जंतू वाढतात, आणि तुम्ही तेच फोडून छातीत पाठवणार.

हात थरथरणं लेव्होसाल्ब्युटामॉलचं. छातीत धडधडही होते काहींना. अर्ध्या-एक तासात उतरतं. त्या वेळात कपबशी नको, पेल्यातून पाणी द्या. पण छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे वाटले, किंवा त्या लघवीची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगाच. या औषधाने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्या गोळीनेही उतरतं.

शेजारच्या काकूंना सांगा, सवय लागत नाही. दारू सोडली की हात कापतात, तसं यात काही नाही. होतं असं, की आजार वाढत जातो, मशीन जास्त वेळा लागतं, आणि लोकांना वाटतं मशीनने आजार लावला. मी याच्या उलटं घाबरते. नेब घेतलं की बरं वाटतं, म्हणून माणसं घरी बसून राहतात. दिवसाला तीनच्या जागी सहा, मग आठ. आणि आमच्याकडे येतात तेव्हा ओठ निळे. म्हणून कालनिर्णयाच्या पानावर तारखेच्या चौकोनात प्रत्येक नेबला एक रेघ मारा. रेघा ठरल्यापेक्षा वाढायला लागल्या, चार तासांच्या आत पुन्हा मागायला लागल्या, कफाचा रंग हिरवट-पिवळा झाला, तर बारा दिवस थांबायचं नाही. आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा दम लागलेला असताना अचानक गुंगी येत असेल, बरळत असतील, तर मशीन लावत बसू नका, गाडी काढा. दमलेल्या माणसाला झोप लागली म्हणून घरच्यांना बरं वाटतं. ती झोप कधी कधी कार्बन डायऑक्साइड चढल्याची असते.

लाइटसाठी: डॉक्टरांना पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा पोकळ डबा, लिहून मागा. २०२०च्या साथीत आमच्या वॉर्डात नेब जवळजवळ बंदच केले होते, तुषारांबरोबर विषाणू पसरेल म्हणून. सगळ्यांना पंप आणि स्पेसर. मला वाटलं होतं आता हाहाकार होणार. नाही झाला. नीट दिला तर पंप बहुतेक वेळा नेबइतकंच काम करतो, हे पुस्तकात होतंच, मला पटायला साथ यावी लागली. गावात स्पेसर मिळत नाही असं म्हणू नका. केपटाऊनच्या डॉक्टरांनी दम्याचा झटका आलेल्या मुलांवर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिक बाटली स्पेसर म्हणून वापरून बघितली होती, १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, आणि बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली. अर्थात विकतचा मिळत असेल तर तोच घ्या. साबणाच्या पाण्यात बुडवून निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की प्लास्टिकला वीज धरते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.

धुण्याचं: प्रत्येक वेळी कप, टोपी, तोंडातली नळी सुटी करून उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून स्वच्छ फडक्यावर उपडी. वाऱ्यावर वाळू द्यायची. दिवसातून एकदा भांड्याच्या साबणाने, मग तशाच पाण्याने पुन्हा खळबळून. उकळता येतो की नाही ते कपाच्या कागदावर लिहिलेलं असतं, सगळे कप उकळायचे नसतात. लांब हवेची नळी मात्र कधीच धुवायची नाही, ती आतून वाळत नाही. आत थेंब दिसले तर कप काढून मशीन दोन मिनिटं नुसतं चालवा.

आणि एक. मशीनच्या अंगावर एक छोटं झाकण असतं, नाण्याएवढं. ते नखाने उघडा. आत फिल्टर असतो, नवा पांढराशुभ्र. तो काढून त्याचा रंग मला सांगा. मशीन नक्की कुठे ठेवलंय आणि चूल तिथून किती लांब, तेही.

मळेवाला

ताई, मागे घेतला. वडिलांना शेवटी न्यूमोनिया झाला होता. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

रात्रपाळी

मळेवाले दादा, तुमच्या वडिलांना तो कशाने झाला हे इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही. सीओपीडीच्या माणसांना तो तसाही वारंवार होतो. मनाला लावून घेऊ नका.

कृष्णाकाठ

सिस्टर, तुमचा निरोप वाचून शनिवारी गावी गेलो. एकेक सांगतो.

टोपी जागेवर होती. आई आडवीच पडून घेत होती, तेही डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, कारण ‘मशीनकडे बघवत नाही’. खुर्चीत बसवली, तोंडातली नळी दिली. पहिल्यांदा तिने ती सुपारीसारखी चावली. दुसऱ्यांदा जमलं. घड्याळ लावलं, बारा मिनिटं.

माठाचं सांगितलं. आई म्हणाली, ‘मग आधी सांगायचं की.’ काकू समोरच बसल्या होत्या, त्यांनी लगेच विचारलं, माठात वाळा टाकतात तसा यात टाकायचा का. मी नाही म्हणालो, मोठ्याने.

काचबिंदू नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय एका डोळ्याचं. डॉक्टरांना फोन केला, दोन्ही एकत्र चालेल म्हणाले, पंप आणि स्पेसर पण लिहून देतायत. कोविडात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घरी आहे, त्यात ऑक्सिजन ९१-९२ टक्के दिसतो. भाऊ घाबरून ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याने आणायला निघाला होता.

आता फिल्टर. मशीन फळीवर, खाली डाव्या हाताला चूल, मध्ये हातभर अंतर. झाकण उघडायला नख पुरलं नाही, चाकूचं टोक लावलं. आतला फिल्टर काळा. मळकट नाही म्हणत मी, काळा, तव्याच्या बुडासारखा. तीन आठवड्यांत. बोटांवर काजळी आली. आई सकाळचं नेब घ्यायची त्याच वेळी खाली भाकरी चाललेल्या असायच्या.

मी तो हातात घेऊन तसाच उभा होतो. धाकट्याच्या बायकोने बघितला आणि काही न बोलता बाहेर गेली. नंतर कळलं, रडत होती. तिला वाटलं, तिच्यामुळे.

रात्रपाळी

तिला आज फोन करा आणि मी सांगितलंय म्हणून सांगा: कॉम्प्रेसर खोलीतलीच हवा ओढतो, हे मेडिकलवाल्याने सांगायला हवं होतं, घरी सोडताना आमच्यासारख्या सिस्टरनी सांगायला हवं होतं. तिने दिवसाला पाच डोस तीन आठवडे न चुकता दिलेत. माझ्या वॉर्डात माझ्याकडूनसुद्धा चुकायचे.

फिल्टरने पुष्कळ काजळी अडवली, हे त्यातल्या त्यात बरं. पण आई त्याच खोलीत श्वास घेत होत्या, तो धूर काही फिल्टरमधून जात नव्हता. तुंबलेल्या फिल्टरने हवेचा जोरही कमी होतो, म्हणजे तुमच्या पंचवीस मिनिटांतली काही मिनिटं त्याचीही. नवा फिल्टर आणा, जुना धुऊन बसवू नका. मशीन आणि आई दोघींना त्या खोलीतून हलवा. इन्व्हर्टरची वायर पुढच्या खोलीत न्यायला वायरमनला अर्धा दिवस लागेल.

आईंना डॉक्टर विडीचं विचारतात त्याचा त्यांना राग येतो ना, तो रास्त आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, की कधीही न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. माझ्या वॉर्डातल्या बायकांच्या बाजूच्या खाटा बघून मीही हेच सांगितलं असतं, पण मला कोण विचारतंय.

सिलिंडर आणू नका. सीओपीडीच्या माणसाला ऑक्सिजन द्यायची वेळ आली तरी बहुतेकदा ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतात. ‘शंभरपर्यंत नेऊ’ म्हणून वाढवला की काहींना त्यानेच गुंगी येते. आईंचा आकडा किती चालेल ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि भिंतीला लावा, म्हणजे भाऊ घाबरणार नाही.

आणि दम लागला की लगेच मशीनकडे हात जायच्या आधी हे शिकवा: पुढे वाकून कोपरं मांड्यांवर, नाकाने श्वास, आणि गरम चहावर फुंकर घालतो तशी ओठांचा चंबू करून सावकाश सोडायची. आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. त्यांच्या नळ्या श्वास सोडताना मिटतात, हवा आत अडकते. फुंकर घातली की त्या थोडा वेळ उघड्या राहतात. कफ काढायला जोरजोरात खोकायचं नाही, चष्म्याची काच पुसायला ‘हा’ करतो तसा मोठा ‘हा’, दोन-तीन वेळा. नेबनंतर दहा मिनिटांनी केलं की कफ सुटतो.

ठाणे_स्लो

तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं आणावं का त्यांना? माझ्या काकांना ऑपरेशननंतर दिलं होतं.

रात्रपाळी

ते मुख्यतः ऑपरेशननंतर फुफ्फुस तळाशी मिटू नये म्हणून. यांची अडचण हवा घेण्याची नाही, सोडण्याची आहे. त्या पैशांत दोन जादा कप येतील. त्यापेक्षा रोज अंगणात चालवा, दमल्या की थांबवा, पुन्हा चालवा.

कृष्णाकाठ

वायरमन रविवारी येऊन गेला. मशीन पुढच्या खोलीत. धाकट्याच्या बायकोशी बोललो, तुमचा निरोप तिने दोनदा वाचून घेतला. भाकरी आता गॅसवर. आईने पहिल्या दिवशी अर्धीच खाल्ली, म्हणे गॅसची भाकरी म्हणजे पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी दीड खाल्ली.

बंब मात्र अजून आहे. तो अंगणात हलवलाय, पण पेटवायला पहाटे आईच उठते. काल भावाने विचारलं तर म्हणाली, ‘नेबची रेघ मारलीय मी, बघ जा.’ बघितलं तर खरंच मारलेली होती. कोळशाने.